मॅकिलहार्गींच्या नावातलं एक अक्षर

आमच्या पोर्टनॅव्हर्नच्या बाजारात उभं राहून "अहो मॅकिलहार्गी" अशी हाक मारलीत तर निम्मा बाजार वळून बघेल. उरलेला निम्माही मॅकिलहार्गीच असतो, पण हाक दुसऱ्या कुणाला तरी असणार असं समजून तो आपला बटाटे निवडत राहतो. मी या गावात एकतीस वर्षं नर्स म्हणून घरोघर फिरले, आधी सायकलवर आणि मग एका खोकणाऱ्या मोटारीतून. माझ्या बासष्ट पेशंटांपैकी चव्वेचाळीस मॅकिलहार्गी होते आणि त्यांतले सात जेम्स. एका जेम्सचं औषध दुसऱ्या जेम्सच्या पोटात गेलं नाही याचं श्रेय टोपणनावांना. मीठवाला जेम्स, तांबडा जेम्स, पुलापलीकडचा जेम्स, आणि एक नुसताच 'तो जेम्स', ज्याच्याबद्दल बायका आवाज खाली करून बोलत.

आडनाव एक असलं तरी घराणं एक नव्हतं, आणि गावात हे तुम्हाला पहिल्या दिवशीच समजावून सांगण्यात येई. किनाऱ्यावरचे मॅकिलहार्गी प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्यांचा मूळपुरुष म्हणे एक बायबल आणि एक वळू घेऊन स्कॉटलंडहून होडीने आला. खोऱ्यातले मॅकिलहार्गी कॅथलिक. त्यांचं म्हणणं, आम्ही इथे आधीपासूनच होतो, आमचं नाव अस्सल आयरिश, कुणा साधूच्या सेवकाचा मुलगा असा त्याचा अर्थ, आणि तो वळूही आमचाच होता. आमच्या या आयरिश किनाऱ्यावरून स्कॉटलंड दिसतो. हवा स्वच्छ असली की तिकडच्या बायकांनी दोरीवर काय वाळत घातलंय तेही दिसतं, असं आम्ही म्हणतो. थोडं वाढवून म्हणतो. एवढ्याशा पाण्यावरून माणसं हजार वर्षं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत आली, तेव्हा मूळचा कोण आणि आलेला कोण हे त्या वळूलाच विचारायला हवं. पण असं मी बोलले असते तर दोन्हीकडचा चहा बंद झाला असता. मी नर्स. माझं कुळ कुणी विचारलं की मी थर्मामीटर त्याच्या तोंडात घालत असे.

या सगळ्या मॅकिलहार्गींत आर्ची मॅकिलहार्गी हा माणूस मला नेहमी जरा वेगळा वाटला. तो किनाऱ्यावरचा, मीठवाल्यांपैकी. थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरणं हा त्याचा धंदा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून दोन्हीकडचे मेलेले शेवटी त्याच्याच अंगणात येत आणि भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभे राहत. जिवंतपणी ज्यांनी एकमेकांना रामराम केला नाही ते तिथे महिनोन् महिने खांद्याला खांदा लावून असत. खोऱ्यातले लोक आडनावातला 'मॅक' तीन अक्षरांत पुरा लिहून घेत, किनाऱ्यावरचे दोनच अक्षरांत भागवून एक वाचवत. आर्ची म्हणे, अक्षरामागचे पैसेसुद्धा वाचवतात, स्कॉटिश रक्ताचा याहून भक्कम पुरावा मी तरी पाहिला नाही.

असा विनोद तो महिन्यातून एकदा करी. एरवी माणूस मुका म्हणावा इतका शांत. उंच, किंचित वाकलेला, भुवयांत कायम दगडाची पांढरी पूड. मी सांगतेय ती गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशीची, तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता आणि त्याचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे ठरलेलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

मुलीचं नाव बर्नाडेट, सगळे तिला बर्नी म्हणत. तीही मॅकिलहार्गीच, पण खोऱ्यातली, तांबड्यांपैकी. चौकात तिची बेकरी होती. लग्न झालं असतं तर तिला रुमालावरची अक्षरंसुद्धा बदलावी लागली नसती. दर रविवारी आर्ची आपल्या चर्चमधून सुटला आणि ती कॅथलिकांच्या चॅपलमधून सुटली की दोघं समुद्राकाठच्या रस्त्याने दीपगृहापर्यंत जात आणि परत येत. हात धरत नसत. अठ्ठावीस वर्षं गुणिले बावन्न रविवार. पाऊस सोडून द्यायचा म्हटलं तर आमच्याकडे काहीच उरत नाही, म्हणून पावसातसुद्धा. एवढं चालले असते सरळ, तर दोघं एव्हाना चीनला पोचले असते.

आड आली होती आर्चीची आई, जेनेट. "माझ्या जिवात जीव आहे तोवर खोऱ्यातली सून या उंबऱ्याच्या आत येणार नाही," असं ती एकोणसाठ साली म्हणाली. तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती, छातीत दुखतं म्हणायची, आणि आर्चीला वाटलं की आई आता फार काळ नाही, तोवर तिचं मन मोडायला नको. आता ती एक्याण्णवची झाली होती. छाती ठणठणीत. फक्त पायाला एक जखम होती, ती भरत नसे, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी मी पट्टी बांधायला जाई. गावात म्हणत, आर्चीने जन्मभर मेलेल्यांच्या तारखा कोरल्या, पण जी हवी ती तारीख काही येईना. हे क्रूर होतं, आणि आर्चीने असं कधी मनातसुद्धा आणलं नाही. त्याचीच तर पंचाईत होती.

जेनेट ही किनाऱ्यावरच्या मॅकिलहार्गींची शान. बाकीच्यांचे पूर्वज स्कॉटलंडहून आलेले. ही स्वतः आलेली. आर्चीचा बाप टॉमस तरुणपणी तिकडे कुणाच्या शेतावर कामाला होता, तिथे तिच्याशी लग्न करून तिला बोटीने घेऊन आला. ती अनाथ, कागदपत्रं काही नाहीत, पण बोलणं सगळं तिकडचं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची. स्तोत्रं तोंडपाठ. खोऱ्यातल्या लोकांबद्दल असं काही बोलायची की पाळकसाहेबच घसा खाकरून विषय बदलत. आणि तरी रोज सकाळी बर्नीच्या बेकरीतला सोडा ब्रेड खायची. बर्नी तो स्वतः आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवी, आत पाऊल न टाकता, आणि म्हातारी दहा मोजून मग खिडकी उघडत असे. पाव आपोआप उगवतो, असा या प्रकाराचा अधिकृत अर्थ होता. मी एकदा विचारलं, पाव कसा वाटतो? म्हणाली, "मीठ कमी घालतात ते लोक."

आता त्या अक्षराचं सांगायला हवं. इंग्रजी बाराखडीतलं आठवं अक्षर आमच्याकडे दोन तऱ्हांनी म्हणतात. किनाऱ्यावरच्यांच्या शाळेत 'एच' शिकवतात, खोऱ्यातल्यांच्या शाळेत 'हेच'. पाच वर्षांचं पोर एकदा ते शिकलं की मरेपर्यंत तसंच म्हणतं. जीभ वळत नाही. आमच्या गावात याचं कुणी काही मनाला लावून घेत नसे, कारण कोण कुठला हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण शहरात त्या वर्षांत प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक एकमेकांच्या जिवावर उठले होते. बंदूकवाले रस्त्यात अडवून माणसाला बाराखडी म्हणायला लावत, आणि त्या एका अक्षरावरून तो घरी पोचणार की नाही ते ठरे. मॅकिलहार्गी या नावात ते अक्षर बरोबर मधोमध बसलेलं आहे. नाव ऐकून काही कळत नाही, पण लिहितात कसं ते सांगायला लावलं की सगळं कळतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कॅनडाहून लॉर्न मॅकिलहार्गी नावाचे एक गृहस्थ आले. निवृत्त दंतवैद्य. मॅकिलहार्गी आडनावाचा स्कॉटिश आणि आयरिश वारसा अशा विषयावर ते पुस्तक लिहीत होते. आधी त्यांनी पत्र पाठवलं होतं, पत्त्यावर नुसतं 'मॅकिलहार्गी, पोर्टनॅव्हर्न', आणि पोस्टमन ते पत्र तीन आठवडे घरोघर वाचून दाखवत फिरला. त्यामुळे गृहस्थ उतरले तेव्हा दोन्ही घराणी तयारीत होती. किनाऱ्यावरच्यांनी त्यांना मूळपुरुषाचं बायबल दाखवलं. आतल्या पानावरचं साल मूळपुरुषानंतरचं निघालं, पण दंतवैद्य सभ्य होते. खोऱ्यातल्यांनी डोंगरावर नेऊन एक दगडांचा ढीग दाखवला आणि हा आमचा किल्ला म्हणून सांगितलं. मला आठवतंय तेव्हापासून तिथे पुलापलीकडच्या जेम्सच्या मेंढ्या कोंडत. दोन्हीकडे त्यांना जेवायला घालून घालून इतकं फुगवलं की शेवटी पोटाच्या गोळ्या मीच दिल्या.

जाण्याआधी त्यांना गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मॅकिलहार्गीचा आवाज यंत्रावर भरून घ्यायचा होता. तो मान अर्थात जेनेटचा. गुरुवार होता, मी खाली बसून तिच्या पायाची जखम धूत होते. दंतवैद्यांनी टेपरेकॉर्डर गोधडीवर ठेवला, स्वतः आणलेली व्हिस्की तिला थोडी दिली, आणि तिचे दात अजून स्वतःचे आहेत हे बघून धन्य झाले. म्हातारी खुलली. स्कॉटलंडमधली शेतं, घोडे, तिकडच्या आयरशर परगण्यातला चिखल, सगळं तिने रंगवून सांगितलं. आपण इथे आलो तेव्हा या लोकांना लापशी कशी शिजवतात तेही ठाऊक नव्हतं, असंही सांगितलं.

"आता शेवटचं," दंतवैद्य म्हणाले. "टेपवर नोंद राहावी म्हणून तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि आडनाव एकेक अक्षर करून."

"मी सांगतो," आर्ची दारातून लगेच म्हणाला. अशा वेळी तो नेहमीच असं म्हणे.

"छे, छे. त्यांच्याच तोंडून हवं."

जेनेटने मान ताठ केली. "जेनेट मॅकिलहार्गी," ती यंत्राकडे बघत म्हणाली. "एम. सी. आय. एल. हेच. ए…"

तिथे ती थांबली. माझ्या हातात तिचा पाय होता आणि तो घोट्यापासून लाकडासारखा ताठ झाल्याचं मला कळलं. मग तिने उरलेली अक्षरं म्हटली, एकेक, सावकाश, कारण अर्ध्यावर थांबणं त्याहून वाईट झालं असतं. दंतवैद्यांनी बटण दाबलं. "वा," ते म्हणाले. "एक्याण्णवाव्या वर्षी एकसुद्धा चूक नाही." त्यांच्या पुस्तकात पुढे जेनेटचा फोटो छापून आला, खाली 'निर्भेळ स्कॉटिश परंपरेच्या अखेरच्या साक्षीदार'. हजारो मैल पाणी ओलांडून माणूस सत्य शोधायला आला, सत्य त्याच्या यंत्रात जाऊन बसलं, आणि तो ते पेटीत घालून विमानाने घेऊन गेला.

मी पट्टी संपवून अंगणात आले तेव्हा आर्ची हातात हातोडा घेऊन एका दगडासमोर नुसता उभा होता.

"नर्सबाई, तुम्ही ऐकलंत?"

"मी पट्टी बांधत होते."

"कानाला बांधत होतात?"

मग तो बोलायला लागला, आणि मी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी बाराखडी त्याला बापाने शिकवली होती, रात्री जेवणानंतर. आई तेवढ्यात कोंबड्या बघायला बाहेर जायची. दुकानात, बँकेत, डॉक्टरांकडे नाव सांगायची वेळ आली की बाप पुढे होऊन म्हणायचा, मी सांगतो. बाप गेल्यावर ते आर्ची म्हणायला लागला. आई शुद्धलेखनात कच्ची असेल, आणि तिला त्याची लाज वाटत असेल, असं तो समजत होता. अक्षरांवर पोट भरणाऱ्या माणसाला आपल्याच आईच्या तोंडून एक अक्षर कधी निघत नाही हे सत्तावन्न वर्षं कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"आता काय करू?" त्याने विचारलं.

आत जा आणि विचार, मी म्हटलं. तो म्हणाला, एक्याण्णव वर्षांच्या बाईला चोर म्हणून पकडू? मला राग आला. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं कुणाचं काय चोरीला गेलं ते बघ आधी. तो आत गेला, आईला चहा करून दिला, आणि बाहेर येऊन ठोकायला लागला. आर्चीसारख्या सज्जन माणसांचा मला फार संताप येतो. ते कुणाला दुखवत नाहीत, आणि त्यापायी त्यांच्याजवळच्या माणसाचं आयुष्य जातं.

रविवारी मात्र त्याने बर्नीला सांगितलं. समुद्राकाठी, दीपगृहाच्या अलीकडे. मी ते दुरून पाहिलं, कारण मी तेव्हा 'त्या' जेम्सच्या घरून परतत होते. बर्नी थांबली. त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबली, मग वळली आणि एकटी गावाकडे चालू लागली. अठ्ठावीस वर्षांत त्यांचं फिरणं अर्ध्यावर राहिलं ते त्या दिवशी. आर्ची तिथेच उभा. मी मोटार थांबवून त्याला आत बसवलं, आणि तो घर येईपर्यंत नुसती काच पुसत बसला.

सोमवारी अकरा वाजता बेकरीचं दार बंद झालं. बाजारात लोक एकमेकांना विचारत होते, कोण गेलं? कारण बेकरी एरवी फक्त मर्तिकाला बंद असे. स्वयंपाकघरातल्या पलंगापाशी मी जेनेटच्या पायाशी बसले होते, आर्ची चुलीवर किटली ठेवत होता, आणि स्वयंपाकघराचं दार उघडून बर्नी आत आली. अंगावर पिठाचा एप्रन, हातात पाव. खोऱ्यातला एक माणूस पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत येत होता, असं निदान गुरुवारपर्यंत तरी आम्ही समजलो असतो.

"पाव खिडकीत ठेवायचा असतो," जेनेट म्हणाली.

"आज आत आणलाय." बर्नीने तो पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. "मिसेस मॅकिलहार्गी, तुमचं नाव कसं लिहितात हो?"

म्हातारीने आधी माझ्याकडे बघितलं. म्हणाली, नर्सबाई, तुम्ही या आता. बर्नी म्हणाली, राहू द्या त्यांना, साक्षीला कुणीतरी हवंच. मग जेनेटने लेकाकडे बघितलं.

"सांगितलंस."

"हो, आई."

"तुझ्या बापाने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

मला वाटलं ती आता रडेल, किंवा ओरडेल, किंवा सगळं नाकारेल. तिने उशी मागे सरकवायला सांगितली आणि एखाद्या शेजारणीची हकीकत सांगावी तसं सांगायला लागली. ती पश्चिमेकडच्या कॅथलिक डोनेगॉलची. नाव शिनेड, म्हणजे आयरिश भाषेतलं जेनेटच. तेही दोन्हीकडे एकच. अठराव्या वर्षी गावातल्या मुलींबरोबर बटाटे काढायला स्कॉटलंडला गेली. तेव्हा तिकडच्या सगळ्याच मुली जात. गोठ्यात झोपायचं, उजाडायच्या आधी शेतात. तिथेच राहिली, एका शेतकऱ्याकडे मोलकरीण म्हणून, आणि तिथे टॉमस भेटला. 'मी स्कॉटलंडहून बोटीने आले' असं ती साठ वर्षं सांगत आली त्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त तिकडे कुठून गेले ते कुणी विचारलं नव्हतं. टॉमसने तिला सगळं शिकवलं. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं, क्रूसाची खूण करायला कपाळाकडे हात जाऊ द्यायचा नाही. स्तोत्रं, चालीसकट. एक अक्षर तेवढं जिभेला बसेना. मग दोघांनी ठरवलं की ते म्हणायचंच नाही. घरी तिने पत्र पाठवलं नाही. आई कधी वारली ते तिला ठाऊक नाही. तेवढं सांगताना तिचा आवाज जरासा हलला, बाकी नाही.

"म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच," बर्नी म्हणाली. तिने हात एप्रनखाली घेतले. "आणि मला अठ्ठावीस वर्षं खिडकीबाहेर उभं केलंत."

"तुमच्यातली होते म्हणूनच केलं. नसते तर कदाचित येऊ दिलं असतं." जेनेटने गोधडीची कड सरळ केली. "तू पंचवीस वर्षांची होतीस. पोरं झाली असती. ती कुठल्या शाळेत गेली असती? या, की त्या? हा एवढासा होता ना, आर्ची, मांडीवर बसून बोट ठेवून विचारायचा, आई, हे कुठलं अक्षर? आणि मी त्याला खाली ठेवून कोंबड्यांकडे पळायचे. स्वतःच्या पोराला भ्यायचे मी. तसं घाबरायला लावणारं दुसरं पोर मला या घरात नको होतं."

चुलीवर किटलीचं झाकण वाजत होतं आणि आर्चीला ते ऐकू येत नव्हतं.

"तुझं वय काय आता?" जेनेटने विचारलं.

"त्रेपन्न."

"मग करा लग्न. आता कुणाचं नुकसान नाही."

मी एकतीस वर्षांत बरीच माणसं मरताना पाहिली, काही वाईट तऱ्हेने. पण इतकं शांतपणे बोललेलं आणि इतकं भयंकर वाक्य मी ऐकलेलं नाही. आणि सगळ्यात वाईट हे, की ती ते प्रेमाने बोलली. तिला खरंच वाटत होतं की आपण काहीतरी वाचवलं. आर्ची खुर्चीवर बसला. बर्नीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही. बघायचा माझा धीर झाला नाही.

"परवानगी मागायला आले नव्हते मी," बर्नी म्हणाली. "पाव ठेवलाय." आणि ती वळून दाराकडे गेली.

तिने कडीला हात घातला तेव्हा मागे पलंगावर म्हातारी पुटपुटायला लागली. आधी मला कळेना काय ते. मग शब्द लागले. "नमो मरिये, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे…" डोळे मिटलेले, हात गोधडीवर, बोटांत नसलेली माळ धरलेली. पहिला अर्धा भाग तिने पुरा म्हटला आणि ती थांबली. ती प्रार्थना अशीच म्हणतात. अर्धी एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. साठ वर्षं तिच्याकडे बाकीचं कुणी नव्हतं. आर्चीने माझ्याकडे बघितलं. त्याला ते शब्द येत नव्हते, त्याला कुणी शिकवलेच नव्हते. आणि मी, खरं सांगते, मला येत होते, पण माझी म्हणण्याची जागा ती नव्हती.

बर्नी दाराकडे तोंड करून उभी होती. किती वेळ ते सांगता येणार नाही. म्हातारी वाट बघत होती, पुन्हा सुरू करत नव्हती. मग बर्नी म्हणाली, पाठ न वळवता, रागाने, शब्दांवर शब्द चढवत: "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर."

"तुमच्यात अजून एवढ्याच घाईने म्हणतात का?" जेनेट डोळे न उघडता म्हणाली, आणि तिने दुसरी सुरू केली.

अशा दहा झाल्या. बर्नीचा हात दहाव्यापर्यंत कडीवरच होता.

लग्न ऑक्टोबरात झालं, तालुक्याच्या कचेरीत, चर्चमध्ये नाही आणि चॅपलमध्येही नाही. कारकुनाला वाटलं, वधूने आडनावाचा रकाना चुकून आधीच भरला. दोन्ही घराण्यांनी बहिष्कार टाकला आणि दोन्ही घराण्यांनी केक खाल्ला, कारण बेकरी एकच. जेनेट आणखी दोन वर्षं जगली. पाळकसाहेब दर शुक्रवारी येऊन तिच्या अढळ श्रद्धेचं कौतुक करत, आणि रोज दुपारी चार वाजता बर्नी दोघींच्या प्रार्थनेसाठी आतून दार लावून घेई. शेवटची सगळी उस्तवार तिनेच केली. मी शिकाऊ नर्सांना शिकवते तशी, पाठीला एकही जखम होऊ न देता.

जेनेटला पुरून आलो त्या संध्याकाळी मी बर्नीला विचारलं. विचारायला नको होतं, पण मला राहवेना. म्हटलं, बर्नी, तू तिला माफ केलंस का गं?

"नाही," बर्नी म्हणाली. ती भांडी पुसत होती. "पण कुणी अर्धी म्हणून थांबलं, तर निघून जाता येत नाही."